लहान शहरांच्या संघांना मुद्दाम हरवले जाते, हा दावा टिकत नाही

माझा भाचा मुंबईत शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळतो. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीए या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचा सामना झाला, तेव्हा तो बघायला आलेल्या शाळकरी मुलांमध्ये होता. तेव्हापासून किंग्ज हा त्याचा संघ. गेल्या आठवड्यात त्याने मला एक फिरता संदेश पाठवला आणि खाली लिहिले, “मावशी, सगळं आधीच ठरलेलं असेल तर मी बघतो कशाला?”

त्या संदेशाचे म्हणणे असे: एनबीए न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिससारख्या मोठ्या शहरांसाठीच चालवली जाते, ड्राफ्टची, म्हणजे नवे खेळाडू कोणत्या संघाने आधी निवडायचे हे ठरवणारी, लॉटरी त्यांच्या बाजूने लावली जाते, पंच त्यांना सामने मिळवून देतात, लहान शहरांचे संघ उचलून मोठ्या शहरांना दिले जातात, पैसाही त्यांच्याकडेच जातो, म्हणून लहान शहर कधीच जिंकत नाही. हे खेळावर प्रेम करणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचते आणि त्यांना ते खरे वाटते, याचा मला मनापासून संताप येतो.

‘कधीच जिंकत नाही’ याला उत्तर द्यायला फार वेळ लागत नाही. सॅन अँटोनियोने 1999 ते 2014 या काळात पाच विजेतेपदे मिळवली, मिलवॉकी 2021 मध्ये जिंकले आणि 2025 ची अंतिम फेरी ओक्लाहोमा सिटी आणि इंडियाना या दोन लहान शहरांच्या संघांत झाली. न्यूयॉर्क निक्सला मात्र 1973 नंतरच्या पन्नास वर्षांत एकदाही विजेतेपद मिळाले नाही.

सर्वांत निराधार आरोप लॉटरीचा आहे, आणि तोच लोक सर्वाधिक विश्वासाने सांगतात. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, न पोहोचलेल्या चौदा संघांसाठी ही सोडत असते. यंत्रात 1 ते 14 क्रमांकांचे चेंडू टाकतात आणि त्यांतून चार काढतात. चार चेंडूंचे असे एकूण 1001 संच होऊ शकतात. त्यांपैकी 1000 संच संघांना आधीच वाटून दिलेले असतात आणि कमकुवत संघाच्या वाट्याला जास्त संच येतात. ही सोडत संघांचे प्रतिनिधी, पत्रकार आणि लेखापरीक्षक यांच्यासमोर होते. टीव्हीवर नंतर फक्त निकाल सांगतात. 2019 मध्ये झायन विल्यमसन हा सर्वांना हवा असलेला खेळाडू होता. त्या हंगामात निक्सची कामगिरी संपूर्ण लीगमध्ये सर्वांत वाईट होती, 17 विजय आणि 65 पराभव, त्यामुळे पहिल्या क्रमांकाची त्यांची शक्यता 14 टक्के, म्हणजे कोणत्याही संघाला मिळू शकते तेवढी जास्तीत जास्त होती. लॉटरी लावलीच जात असती, तर ती लावण्याची याहून चांगली वेळ नव्हती. पहिला क्रमांक मिळाला तो 6 टक्के शक्यता असलेल्या न्यू ऑर्लिन्सला, दुसरा मेम्फिसला. निक्स तिसरे आले. त्याआधी याच पहिल्या क्रमांकावर 1997 मध्ये टिम डंकन सॅन अँटोनियोला, 2003 मध्ये लेब्रॉन जेम्स क्लीव्हलँडला आणि पुढे 2023 मध्ये व्हिक्टर वेंबान्यामा पुन्हा सॅन अँटोनियोलाच गेला. 2025 मध्ये डॅलसला 1.8 टक्के शक्यतेवर कूपर फ्लॅग मिळाला आणि त्याच्या काही महिने आधीच डॅलसने आपला मोठा खेळाडू लुका डाँचिच लॉस एंजेलिसच्या लेकर्सला दिला होता, म्हणून अनेकांना संशय आला. पण 1.8 टक्के म्हणजे हजार संचांपैकी अठरा. वर्षानुवर्षे सोडत होत राहिली, तर कधीतरी त्या अठरांपैकीही एखादा संच निघणारच.

पंचांच्या मुद्द्यावर मला एक गोष्ट मान्य करावी लागते, आणि ती मी नाखुशीनेच करते. 2002 मध्ये लेकर्स विरुद्ध किंग्ज या प्लेऑफ मालिकेच्या सहाव्या सामन्यात लेकर्सना एकट्या चौथ्या सत्रात 27 फ्री थ्रो (फाउलबद्दल दिले जाणारे मोकळे फेक) मिळाले. ते पंचगिरीचे वाईट उदाहरण होते. मात्र संदेशात त्याला जोडलेले टिम डोनाघी प्रकरण वेगळे आहे. डोनाघी हा जुगारासाठी माहिती विकणारा पंच होता, तो त्या सामन्यात नव्हताच, आणि त्याच्या प्रकरणानंतर एनबीएने नेमलेले वकील लॉरेन्स पेडोविट्झ यांनी 2008 मध्ये दिलेल्या चौकशी अहवालात इतर कोणत्याही पंचाविरुद्ध तसा पुरावा आढळला नाही. शिवाय सातवा सामना सॅक्रामेंटोतच झाला; तिथे किंग्जनी 30 पैकी 14 फ्री थ्रो चुकवले आणि अतिरिक्त वेळेत ते हरले. संदेशात याचा उल्लेख नाही.

संघ उचलून नेण्याचा आरोप तर वस्तुस्थितीच्या उलट आहे. 2008 मध्ये सिॲटलसारख्या मोठ्या शहराचा संघ ओक्लाहोमा सिटीला गेला. 2013 मध्ये भाच्याचे किंग्जच सिॲटलला जाणार होते. तेव्हा संघमालकांनी 22 विरुद्ध 8 मतांनी ते स्थलांतर नाकारले आणि मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटाने संघ विकत घेतला. पुढे हेच किंग्ज वरळीला खेळायला आले.

पैशाबाबत अर्धे सत्य आहे. राष्ट्रीय प्रक्षेपणाचे पैसे तीसही संघांत समान वाटले जातात, पण स्थानिक प्रक्षेपणातून लेकर्सना जे मिळते ते मेम्फिसला मिळणे शक्य नाही, आणि महसूल-वाटपाने ही दरी पूर्ण भरत नाही. त्याहून मोठा अन्याय संदेशाने पाहिलेलाच नाही. लहान शहराला आपला संघ टिकवण्यासाठी सार्वजनिक पैसा ओतावा लागतो. किंग्ज राहावेत म्हणून सॅक्रामेंटो शहराने नव्या क्रीडागृहासाठी सुमारे 25.5 कोटी डॉलरचा वाटा उचलला. ओक्लाहोमा सिटीत डिसेंबर 2023 मध्ये मतदारांनी एक टक्का विक्रीकर सहा वर्षांसाठी मंजूर केला. किमान 90 कोटी डॉलरच्या त्या क्रीडागृहात संघमालकांचा वाटा 5 कोटी आहे. मी भाच्याला हेच आकडे पाठवले आणि सांगितले, की राग धरायचा असेल तर याचा धर, आणि किंग्जचा पुढचा सामना नक्की बघ.