गोरेगावच्या म्हणून गोरे?

आज सकाळी भाच्याबरोबर रिक्षाने चालले होते. मृणालताई गोरे उड्डाणपूल आला, त्याने पाटी वाचली आणि विचारलं, मावशी, या गोरेगावच्या म्हणून गोरे का? वीस वर्षांचा मुलगा, जन्म इथला, शाळा इथली. मी काहीच बोलले नाही, पण दिवसभर डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

आमच्या घरी एक पितळी ताट आहे, एका बाजूला चेमटलेलं. १९७२ नंतरच्या त्या महागाईत तेल, साखर, रॉकेल काही मिळत नव्हतं तेव्हा समाजवादी पुढारी मृणालताई आणि कम्युनिस्ट अहिल्याताई रांगणेकरांनी बायका रस्त्यावर आणल्या, लाटणं मोर्चा, त्यात आमची आजी होती. कणीक भिजवून झाकून ठेवली, लाटणं आणि ताट घेतलं आणि गेली. संध्याकाळी येऊन त्याच लाटण्याने पोळ्या लाटल्या. ताट मात्र बडवून बडवून चेमटलं ते कायमचं.

आणि त्याच्या आधी पाणी! गोरेगावात नळाला पाणी यावं म्हणून ही बाई हंडे घेतलेल्या बायकांना घेऊन महापालिकेशी भांडली, म्हणून तर पाणीवाली बाई. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडलेलं, नवरा १९५८ मध्ये गेला, पदरात लहान मुलगी. १९६१ ला नगरसेवक, ७२ ला आमदार, आणीबाणीत भूमिगत आणि मग तुरुंग, ७७ ला खासदार. पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई (म्हणजे हरलेल्या इंदिरा गांधी) पाण्यात, ही घोषणा आजी भांडी घासताना म्हणायची. ८५ ला परत विधानसभेत, तिथे गर्भलिंग निदानाविरुद्ध लावून धरलं आणि १९८८ ला महाराष्ट्रात कायदा झाला, देशाचा कायदा यायला १९९४ उजाडलं. अरे, ही आमदाराची कामं!

आता आमच्या नाक्यावर बघा, वाढदिवसाचे बॅनर, कार्यसम्राट, खाली तीस जणांचे पासपोर्ट साइज फोटो, आणि आमच्या बिल्डिंगला गेले चार दिवस पाणी करंगळीएवढं येतंय. फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये. कुठली मीटिंग रे बाबा चार दिवस चालते?

हो, मान्य, समाजवाद्यांनी आपापसात भांडून पक्ष संपवला, ताईसुद्धा निवडणुका हरल्या. पण हरल्यावर घरी नाही बसल्या. त्यांनी उभ्या केलेल्या नागरी निवारा परिषदेची घरं जाऊन बघा दिंडोशीला, साध्या पगाराची माणसं स्वतःच्या घरात राहतायत या मुंबईत.

भाच्यावर राग नाही खरं तर. त्याला कोण सांगणार होतं, मी तरी कधी सांगितलं? २०१२ ला ताई गेल्या तेव्हा तो शाळेत होता. आजी त्याच्या आधीच गेलेली.

ताट आत्ताच माळ्यावरून काढलं. चिंच लावून घासलंय. त्यात वरण वाढलं की सगळं चेमटलेल्या बाजूला जाऊन जमतं, लहानपणी आम्ही त्यावरून भांडायचो. भाचा रात्री जेवायला येतोय, त्याला यातच वाढणार आहे.