न तिंबायची कणीक

फेब्रुवारीत मार्च महिना फार लांब वाटतो. त्या भरात मी शेजारच्या आजींना म्हणून बसलो, "यंदा सेंट पॅट्रिक्स डेला तुम्ही दोघं आमच्याकडे जेवायला या. ब्रेड, केक, सगळं तुमच्या पद्धतीचं. मीच करणार." सेंट पॅट्रिक्स डे म्हणजे आयरिश लोकांचा मोठा सण, 17 मार्चला. डब्लिनमध्ये आम्हाला चार वर्षं झाली आणि तेवढ्यात आजींच्या हातचा सोडा ब्रेड आम्ही इतका हादडला होता की कधीतरी परतफेड व्हायलाच हवी होती. बायकोने 'मीच' या शब्दाची जागच्या जागी नोंद घेतली आणि त्यानंतर ती ओट्याकडे फिरकली नाही.

आजींना कृती विचारली. "काही नाही त्यात. मैदा, मीठ, सोडा, ताक." 'काही नाही त्यात' असं सांगितलेल्या पदार्थानेच माणसाचा घात होतो, हे उकडीच्या मोदकांवरून मला कळायला हवं होतं.

आई नुकतीच सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली होती. पहिल्या रविवारी रंगीत तालीम. 450 ग्रॅम मैदा, चमचाभर मीठ, चमचाभर सोडा, 400 मिलिलिटर ताक. गोळा परातीत पडतो न पडतो तोच मागून आई, "अरे, तिंब की नीट! अशी पचपचीत कणीक कुणी ठेवतं का?" झालं. मी दहा मिनिटं घाम येईस्तोवर तिंबली, वर ओलं फडकं टाकून अर्धा तास मुरवली. ओव्हनमधून जे निघालं त्यावर सुरी टेकवली तर सुरी घसरली. वरवंटा हरवलेल्या कुणालाही ते चाललं असतं.

तो नमुना घेऊन मी आजींकडे गेलो. त्यांनी तो पालथा करून टिचकी मारली, आपण मडकं घेताना मारतो तशी. नीट भाजलेला ब्रेड खालून पोकळ वाजतो. माझा वाजलाच नाही. "मळलास?" त्यांनी विचारलं. 'पोहे उकळलेस?' हे आपल्याकडे ज्या आवाजात विचारतील, त्या आवाजात.

मग शिकवणी झाली. इथला गहू मऊ, त्याच्या पिठाला ताण कमी, यीस्टने फुगवायला फारसा कामाचा नाही. 1830-40च्या सुमारास सोडा आला, आणि लोणी काढल्यावर ताक तर घरोघरी उरायचंच. आंबट ताक सोड्याला भेटलं की त्या क्षणी बुडबुडे. तीच सगळी पुंजी. मळत बसलात की पुंजीही गेली आणि ब्रेडही चिवट. म्हणून बोटं पंजासारखी ताठ फाकवायची, भांड्यात गोल दोन फेरे मारायचे, गोळा जमला की हात काढून घ्यायचा आणि तडक ओव्हन.

मी हे सगळं आईला समजावून सांगितलं. "मग ढोकळ्यासारखं असतं असं आधी सांगायचं ना! सोडा पडल्यावर तिथे गप्पा मारत उभं राहायचं नसतं."

आजींच्या लहानपणी खेड्यात ओव्हन नव्हता. बॅस्टिबल नावाच्या बिडाच्या भांड्यात ब्रेड ठेवायचा आणि झाकणावर निखारे. हे ऐकून आई ताठ बसली. तिचं आजोळ देवगडकडचं. "अरे, हा तर आपला काकडीचा केक, धोंडस! आजी तवशाचं धोंडस असंच करायची, खाली विस्तव, वर विस्तव." त्यात इथले माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, हे कळल्यावर तर तिने आयर्लंड सिंधुदुर्गातच जमा केला.

गोडाचं चार दिवस आधीच उरकलं होतं. पोर्टर केक, म्हणजे बेदाणे-मनुका काळ्या स्टाउट बिअरमध्ये शिजवून केलेला. तो मुरल्यावर चव येते. "त्यातली दारू उडून जाते ना?" असं तीनदा विचारून आईने डबा देव्हाऱ्यापासून सर्वांत लांबच्या फळीवर ठेवला. तिचं मन रमवायला मी सांगितलं, की स्टाउटवाल्या गिनेस कंपनीने 1759 साली आपल्या कारखान्याची जागा 9000 वर्षांच्या करारावर घेतली, भाडं वर्षाला 45 पौंड. सांगलीतल्या भाडेकरूशी अकरा-अकरा महिन्यांचे करार करणारी आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "डिपॉझिट किती घेतलं?"

17 मार्च. बायको-पोरं मिरवणूक बघायला गावात. साडेचार वाजलेले, पाहुणे सहाला, आणि ताकाचा डबा तालमींमध्येच संपलेला. सुटीमुळे कोपऱ्यावरचं दुकान बंद. फ्रिजमध्ये तांब्याभर ताक दिसलं, आईने विरजणाचं केलेलं. ओतलं. पंजा, दोन फेरे, गोळा. इतका सुरेख कधीच जमला नव्हता. वर खोल फुली मारायची असते. आजींच्या मते त्यातून पऱ्या बाहेर पडतात, एरवी मधला भाग कच्चा राहू नये म्हणून. फुली मारताना सुरीला काहीतरी हिरवं लागलं. मग वास आला.

"आई, ताकात काय घातलं होतंस?"

"काही नाही त्यात. हिंग, भरडलेलं जिरं, कोथिंबीर, चवीपुरती मिरची."

230 अंशांवर पंधरा मिनिटं, मग 200 वर अर्धा तास. पऱ्या बाहेर पडल्याच असतील तर नाकाला पदर लावून. काढला, पालथा केला, टिचकी मारली. पोकळ! तीन प्रयत्नांत पहिल्यांदा, आणि नेमका हाच.

फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवला आणि मी कोबीच्या भाजीकडे बघत बसलो. आजींनी जाड काप कापला, त्यावर लोण्याचा थर दिला, हुंगला. "कॅरावे! माझी बॉस्टनची मावशी घालायची. अमेरिकेत गेलेली माणसं ब्रेडमध्ये काहीही घालतात." आणि खाल्ला. कॅरावे म्हणजे जिऱ्यासारखंच दिसणारं एक बी. मी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

"काय म्हणाल्या त्या?" आईने विचारलं.

"जिरं ओळखलं म्हणाल्या."

"जाणकार आहेत बाई. उरलेला झाकून ठेव, सकाळी फोडणी घालून कुस्करा करते."

मी झाकायला फडकं उचललं, तर तिथे आजोबांचा हात आधीच पोचला होता.