‘ऑफिसच्या लोकांना शिकवून काय उपयोग?’ या दाव्याला उत्तर

सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे. त्यात म्हटलंय की महाविद्यालयं-विद्यापीठांतल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना बढती आपोआप मिळते, बढती मिळाली की ते ढिले पडतात आणि प्रशिक्षणाने काही फरक पडत नाही, ते म्हणजे सरकारी खर्चाने सहल.

‘बढती आपोआप मिळते.’ साफ चूक. अनुदानित महाविद्यालयात कनिष्ठ लिपिक, वरिष्ठ लिपिक, मुख्य लिपिक, अधीक्षक अशी शिडी असते आणि वरच्या टोकाला एखादंच पद. बहुतेकदा कुणी निवृत्त झालं तरच जागा होते. मग बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणारी आरक्षणाची यादी, आणि उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाची मान्यता. लोक जिला बढती समजतात ती बहुतेकदा आश्वासित प्रगती योजना असते. तिच्यात पगार वाढतो, पद आणि अधिकार तेच राहतात. राज्य कर्मचाऱ्यांना १०, २० आणि ३० वर्षांनी मिळणारा हा लाभ आपल्यालाही मिळावा, यासाठी शिक्षकेतरांना फेब्रुवारी २०२३मध्ये परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकावा लागला होता.

‘बढतीनंतर माणूस ढिला पडतो.’ या मुद्द्याच्या जवळ जाणारा एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्या १३१ कंपन्यांच्या विक्री विभागांवर तो २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तम विक्री करणाऱ्यांना व्यवस्थापक केलं, तर त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी खालावते असं त्यात दिसलं. आळसाचा इथे संबंध नाही. जुन्या कामातलं कौशल्य नव्या कामाला पुरत नाही.

‘प्रशिक्षणाने फरक पडत नाही.’ इथे मला राग येतो, कारण किंमत विद्यार्थी मोजतात. २०१७मध्ये मुंबई विद्यापीठाने १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायचं ठरवलं, तेही पुरेशी चाचणी आणि सराव न करता. कायद्याने निकाल ४५ दिवसांत लागायला हवा; कित्येक निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. प्रशिक्षणाचा अभाव हे एकमेव कारण नव्हतं, पण मोठं होतं. आता विद्यार्थ्यांचे श्रेयांक ऑनलाइन जमा ठेवणारी क्रेडिट बँक आली आहे, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचे अर्ज आहेत. अर्ज परत आला तर नेमकी त्रुटी कोणती, हे टेबलवरच्या माणसाला कळलं नाही, की गरीब घरातल्या मुलीचं वर्षभराचं शुल्क अडकतं.

सहलीचा आरोप काही प्रशिक्षणांना लागू पडतो, हे मान्य. अर्ध्या दिवसाचं भाषण आणि प्रमाणपत्र यातून कुणी काही शिकत नाही. परीक्षा विभागातल्या माणसाला नवी प्रणाली शिकवायची आणि महिन्याभरात आस्थापना विभागात (कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, रजा पाहणाऱ्या) हलवायचं, यानेही पैसा वायाच जातो. प्राध्यापकांच्या बढतीला उद्बोधन आणि उजळणी वर्गांची अट असते, त्यासाठी केंद्रं असतात. तशीच सोय कार्यालयासाठी हवी: मुख्य लिपिकाला अधीक्षक करण्याआधी सेवापुस्तक (कर्मचाऱ्याच्या नोकरीची नोंदवही), लेखापरीक्षण, माहिती अधिकार आणि बिंदुनामावली त्याच्याच कार्यालयातल्या खऱ्या फायलींवर शिकवा, आणि निदान दोन वर्षं त्याला त्या कामावरून हलवू नका.