माल कोल्हापूरचा, पोरगी कोल्हापूरची, बिल पुण्याचं

आज एका कार्यक्रमात एक कारखानदार माईकवर म्हणाले, "आपल्या पोरांना इथं राहायचंच नसतंय, सगळ्यांना पुणं पायजे." टाळ्या पण पडल्या. डोकंच फिरलं माझं.

माझी भाची मेकॅनिकल इंजिनिअर. इथंच शिकली, इथल्याच एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात लागली, तिथं काम काय तर दिवसभर एक्सेलमध्ये रिजेक्शनचे आकडे भरायचे. कंटाळून पुण्याला गेली. आता एका डिझाईन ऑफिसात कास्टिंगचं सिम्युलेशन करते, म्हणजे साच्यात धातू कसा भरेल, कुठं उशिरा थंड होईल, कुठं पोकळी धरेल ते ओतायच्या आधीच कॉम्प्युटरवर बघायचं. मागं आली तेव्हा लॅपटॉपवर दाखवलं, जाड कोपऱ्यात लालभडक ठिपका. "मावशी, इथला रायझर बदलला नाही तर माल नापास." (रायझर म्हणजे थंड होताना धातू आकसतो, तेव्हा जादा धातू पुरवणारी साच्यातली जागा.) आणि माल कुठला? इथल्याच गोकुळ शिरगाव एमआयडीसीचा!

म्हणजे ओतायचं इथं, डोकं लावणारी पोरगी इथली, पैसे मात्र पुण्याच्या ऑफिसला, आणि वर नावं पोरांनाच ठेवायची?

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, एवढे कारखाने, सगळ्यांना डिझाईन लागतं, टेस्टिंग लागतं, सॉफ्टवेअर लागतं. एकट्याला परवडत नाही, माल घेणाऱ्या गाडी कंपन्या भाव पाडून घेतात, मान्य. पण चौघांनी मिळून एक ऑफिस काढायला कुणी अडवलंय?

पुण्यात एक नोकरी सुटली तर दुसरी तिथंच मिळते, इथं सुटली की बॅग भरायची. पोरं कमी पगारापेक्षा ह्यालाच जास्त भितात. भाचीला तिथं शिकायला भरपूर मिळालं हेही खरंय, नाही म्हणत नाही.

मुंबई हायकोर्टाचं कोल्हापुरातलं सर्किट बेंच बघा की. वकील चाळीस वर्षं भांडले तेव्हा १८ ऑगस्ट २०२५ ला कामकाज सुरू झालं. आता सहा जिल्ह्यांच्या केसेस इथं चालतात, सावंतवाडीच्या माणसाला हायकोर्टासाठी मुंबई गाठायला नको, आणि नव्या वकिलाला हायकोर्टात उभं राहायला गाव सोडायला नको. काम आलं की माणूस थांबतो, एवढं साधं आहे ते.

बहीण काही बोलत नाही, पण पोरीची खोली अजून तशीच ठेवलीय तिनं. पोरगी म्हणते, "असलं काम तिथं दे, मी पुढच्या महिन्यात सामान घेऊन येते."

तर ओळखीत कुणाचं सिम्युलेशन, डिझाईनचं काम बाहेर जात असेल तर मला मेसेज करा. तिच्याबरोबर यायला अजून दोघी तयार आहेत, तिघी पण इथल्याच.