नाशिकच्या मुलींसाठी एक गोल ट्रॅक

नाशिक स्वतःला सायकलींचं शहर म्हणवतं, आणि ते खरंच आहे. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली. पंढरपूरला निघणारी सायकल वारी तर आता शहराच्या सवयीची झाली आहे. ब्रिटनच्या वेल्समधल्या कार्डिफमध्ये राहून या बातम्या वाचताना मला आजही अभिमान वाटतो. पण मध्यंतरी शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एकीने लिहिलं की नाशिकला वेलोड्रोम हवा, म्हणजे सायकल शर्यतीचा, वळणांवर उंच कललेला गोल ट्रॅक. त्यावर भराभर उत्तरं आली. पुण्याच्या बालेवाडीत आहे की! आधी रस्त्यांवरचे खड्डे बुजवा. आणि मुलींच्या शर्यती बघायला येणार कोण?

मला या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करावीशी वाटते, कारण तो विचारणाऱ्यांनी महिलांची स्प्रिंट पाहिलेलीच नाही.

२५० मीटरच्या लाकडी ट्रॅकवर दोघीच असतात. फेऱ्या तीन. सायकलला ब्रेक नसतो, गिअर एकच, आणि चाक फिरतंय तोवर पायही फिरत राहतात. तरीही पहिली फेरी चालण्याच्या वेगाने जाऊ शकते. पुढची सारखी मान वळवून मागे बघत असते, कारण मागचीला वाऱ्याचा आडोसा मिळतो आणि हल्ला कधी करायचा हेही तीच ठरवते. कबड्डीत चढाईला आलेली खेळाडू रेषेजवळ घुटमळत बचावाचा अंदाज घेते ना, तसंच. मग एक जण कलत्या ट्रॅकच्या वरच्या कडेला सरकते आणि तिथून खाली झेपावते. शेवटचे २०० मीटर संपेपर्यंत बघणाऱ्याचा श्वास अडकलेला असतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या लेआ फ्रीडरिखने पात्रता फेरीत हे २०० मीटर १०.०२९ सेकंदांत कापले, म्हणजे ताशी जवळजवळ ७२ किलोमीटर. तो तेव्हाचा विश्वविक्रम होता. तरी अंतिम लढतीत तिला न्यूझीलंडच्या एलेस अँड्र्यूजने हरवलं. घड्याळाशी जिंकलेली समोरासमोर हरू शकते, म्हणून तर हा खेळ बघायचा.

महिलांना हे सगळं आपोआप मिळालेलं नाही. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची स्प्रिंट १८९६ पासून आहे, महिलांची १९८८ मध्ये आली. २००८ च्या बीजिंगमध्ये ट्रॅकवर पुरुषांना सात प्रकार होते आणि महिलांना तीन. समान संख्या २०१२ च्या लंडनला झाली. टीम स्प्रिंटमध्ये, म्हणजे संघाने घड्याळाविरुद्ध धावायच्या शर्यतीत, टोकियो ऑलिंपिकपर्यंत पुरुष तिघे धावायचे आणि महिला दोघीच. जागतिक स्पर्धेत पुरुषांची टाइम ट्रायल, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत, एक किलोमीटरची आणि महिलांची ५०० मीटरची, हा फरक मिटायला २०२५ उजाडलं.

आता बालेवाडीबद्दल. एमा फिनुकेन ही स्प्रिंटची २०२३ आणि २०२४ ची जगज्जेती. पॅरिसला तिने एक सुवर्ण आणि दोन कांस्यपदकं मिळवली. ती वेल्समधल्या कारमार्थन या छोट्या गावातली. तिथल्या बागेत १९०० सालचा ट्रॅक आहे: काँक्रीटचा, उघडा, वर छप्पर नाही. पावसाचे दिवस इथे नाशिकपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे सुरुवातीला कोट्यवधींचं वातानुकूलित संकुल लागत नाही. लागतो तो शाळा सुटल्यावर जाता येईल इतक्या जवळचा ट्रॅक. सिडकोतल्या किंवा पंचवटीतल्या बारा वर्षांच्या मुलीला दोनशे किलोमीटरवरचं बालेवाडी असून नसल्यासारखंच. आणि खड्ड्यांचं म्हणाल, तर मुंबई-आग्रा महामार्गावर मुलीला सायकलवर पाठवायला आई-वडील घाबरतात ते बरोबरच आहे. ट्रॅकवर ट्रक येत नाहीत.

नाशिकचं सायकलप्रेम बहुतेक लांब पल्ल्याचं आहे. धावण्यातही आपला अभिमान कविता राऊत, तोही दहा हजार मीटरचा. पण सगळ्या मुलींचं शरीर त्यासाठी घडलेलं नसतं. काही मुलींच्या मांड्या भरदार असतात, त्या दहा सेकंद विजेसारख्या पळतात आणि पाच किलोमीटरला दमतात. अशा मुलीला घरी ‘जरा बारीक हो’ म्हणतात आणि मैदानावर मागे उभं करतात. स्प्रिंटमध्ये तीच ताकद हवी असते. कॅनडाची केल्सी मिचेल फुटबॉल खेळायची. २०१७ मध्ये एका गुणवत्ता शोध चाचणीत तिच्या पायांतला जोर दिसला. टोकियोत ती स्प्रिंटची ऑलिंपिक विजेती झाली. आपल्याकडे खो-खो आणि कबड्डी खेळणाऱ्या मुली गावोगाव आहेत. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या टीम स्प्रिंटमध्ये मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे या महाराष्ट्राच्या मुली होत्याच. महाराष्ट्राला हे जमतं.

मात्र ट्रॅक बांधून काम संपणार नाही. त्याच २०२२ मध्ये स्लोव्हेनियातल्या सराव शिबिरात भारतीय स्प्रिंट संघातल्या एका महिला खेळाडूने प्रशिक्षकाच्या गैरवर्तनाची तक्रार केली. संघ परत बोलावला गेला, प्रशिक्षकाचा करार रद्द झाला. त्या संघात मुलगी एकच होती, हे मला आजही अस्वस्थ करतं. ब्रिटननेही असलं काही पाहिलेलं आहे: २०१६ मध्ये जेस व्हार्निश या स्प्रिंटरने संघातल्या लिंगभेदी वागणुकीबद्दल जाहीरपणे सांगितलं आणि पुढे संघाच्या एकूण कारभाराचीच स्वतंत्र तपासणी झाली. तेव्हा तिची टीम स्प्रिंटमधली जोडीदार केटी मार्चंट होती. मार्चंट पुढे आई झाली, परत आली आणि पॅरिसला टीम स्प्रिंटचं सुवर्ण जिंकली. आपल्याकडे बाळंतपणानंतर ट्रॅकवर परतणाऱ्या खेळाडूच्या पाठीशी कोण उभं राहील, हा प्रश्न त्या ग्रुपवर कुणी विचारलाच नाही.

सिंहस्थासाठी शहरात कामं निघाली आहेत, रस्ते होताहेत, घाट होताहेत. त्यात काँक्रीटच्या एका उघड्या ट्रॅकची मागणी सायकलस्वारांच्या संस्थांनी आताच करायला हवी, आणि महिला प्रशिक्षकाची जागा त्याच प्रस्तावात हवी. तोवर थांबायचीही गरज नाही. उभी उडी, तीस मीटरची धाव, स्थिर सायकलवर काही सेकंदांचा पूर्ण जोर, एवढ्या चाचण्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर होतात. हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या आश्रमशाळांपासून सुरुवात करा. निवडलेल्या मुलींना दिवाळीच्या सुट्टीत बालेवाडीला न्या, पण एकटीदुकटीला नको: आठ-दहा जणी एकत्र, आणि सोबत महिला प्रशिक्षक.