उदास नव्हे, एकटी

तुमच्या लेखात आरशासमोर बसलेल्या बाईच्या तैलचित्राला ‘उदास’ म्हटलंय, ते काही पटलं नाही. कोल्हापूरच्या शाहू स्मारकच्या कलादालनात मी ते दोनदा पाहिलं. ती आरशात बघतच नाही हो, नजर चौकटीच्या कडेला थांबलीय. गालावरची सावली काळ्या रंगाची नाही, ‘अंबर’ या तपकिरी मातीरंगाच्या पातळ थरांची आहे. जवसाच्या तेलातला एकेक थर सुकायला दिवसच्या दिवस जातात, त्यात आपला कोल्हापूरचा पावसाळा! म्हणजे रंगवणाराही तेवढाच एकटा बसला असणार. आपले जुने चित्रकार आबालाल रहिमानसुद्धा इथल्या कोटितीर्थ तलावाकाठी असेच एकटे रमायचे, त्यांना उदास म्हणायचं का? चित्रातल्या बाईचे हात मात्र फसलेत. बोटं अगदी घाईत उरकल्यासारखी वाटतात.