सब्जा किंवा शस्त्रक्रिया, मधलं काहीच नाही?

महाराष्ट्रात पंचेचाळिशीतली बाई म्हणाली, रात्री घामाने झोप मोडते, की घरचं उत्तर ठरलेलं: ‘उष्णता झालीय, सब्जा घे.’ अंगावर जास्त जायला लागलं की दुसरं: ‘पिशवी काढून टाक.’ २०१९मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, सरकारने चौकशी समिती नेमली. ब्रिटनमधून तो वाद वाचताना खटकतं ते एवढंच, की त्यात खाडे, मुकादम, खासगी दवाखाने सगळं येतं (यायलाच हवं). हार्मोन्स येत नाहीत.

पाळी जाण्याआधीच्या वर्षांत पहिलं ढासळतं ते प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन. बीज सुटलं तरच ते पुरेसं तयार होतं. एखाद्या महिन्यात सुटलं नाही, की एकटं इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं आणि लांबलेली पाळी धो धो जाते. दोष पिशवीतच असतो असं नाही. पुष्कळदा गोळ्यांनी किंवा गर्भाशयात बसवायच्या, हार्मोन सोडणाऱ्या मिरेना या साधनाने भागतं. घामाचं मूळ तर मेंदूत आहे: इस्ट्रोजेन उतरलं की हायपोथॅलॅमसमधल्या ठरावीक पेशी चेकाळतात, तापमान किंचित वाढलं तरी शरीर घाम फोडतं. सब्जा तिथवर पोहोचत नाही.

इथे ब्रिटनमध्ये पंचेचाळिशी उलटलेल्या बाईची पाळी अनियमित झाली आणि अंगातून गरम वाफा येत असल्या, तर निदानासाठी रक्त तपासत नाहीत. अंडाशयाला चालना देणारं एफएसएच हे हार्मोन आज चढलेलं, पुढच्या महिन्यात उतरलेलं. आपल्याकडची महागडी ‘हार्मोन प्रोफाइल’ मग काय सांगणार? उपचारात इस्ट्रोजेनचा, त्वचेवर चिकटवायचा पॅच देतात. गोळीने रक्ताच्या गाठींचा धोका वाढतो, पॅचने तसा वाढत नाही. पिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर अस्तराच्या कर्करोगाची भीती. दोन्ही मिळून घेतल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, वर्षांगणिक जास्त. हे लपवू नये.

पण पाळी जाण्याच्या वयाची इथली फूटपट्टी ५१ वर्षांची. भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ला जाते. त्रेचाळीसच्या मराठी बाईला ‘अजून वय नाही’ म्हणून परत पाठवलं, तर तिने वयाचा हा फरक सांगावा, आणि थायरॉइड व हिमोग्लोबिनही तपासून घ्यावं.

शस्त्रक्रिया टळत नसेल, तर सही करण्याआधी विचारा: अंडाशय ठेवणार का? तेही काढले, तर जे उतरायला एरवी वर्षं लागतात ते इस्ट्रोजेन काही दिवसांत कोसळतं. वाफा जोरात येतात आणि हाडं झिजू लागतात, मग बाई पस्तिशीची का असेना.